मंडळनिहाय पावसाचा आडवा तक्ता उभ्या तारीख-यादीत कसा आणायचा?

तेरणाकाठ (ता. औसा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटासाठी २०२४ च्या खरिपातला पाऊस तारखेवार लावायलोय. महसूल मंडळं चार: औसा, लामजना, किल्लारी, मातोळा. महिनेही चार, जून ते सप्टेंबर. माहिती एका संकेतस्थळावर आहे, पण दर महिन्याचा तक्ता वेगळा आणि तो सगळा आडवा. डावीकडे तालुका, मग मंडळ, मग १ ते ३१ असे रकाने, शेवटी 'एकूण'. तालुक्याचं नाव एकदाच, एका उंच जोडलेल्या चौकटीत. प्रत्येक तालुक्याखाली 'तालुका सरासरी' अशी ओळ.

मला हवंय ते असं: एका ओळीत एक तारीख, एक मंडळ, एक आकडा. त्यातून तीन गोष्टी काढायच्यात. ६५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झालेल्या तारखा, पेरणीजोगा पाऊस कोणत्या तारखेला पुरा झाला ते, आणि खंड कधीपासून कधीपर्यंत पडला ते.

अडलंय कुठे ते सांगतो. आकडे देवनागरीत आहेत, एक्सेलमध्ये डाव्या कडेला चिकटून बसतात आणि बेरीज शून्य येते. काही घरांत 'निरंक' आहे, काहींत नुसती आडवी रेघ, काही साफ रिकामी. ऑगस्टपासून रकान्याच्या डोक्यावर पूर्ण तारीख दिलीय, ०५/०८/२०२४ अशी, पण इंग्रजी आकड्यांत. ती एक्सेलमध्ये ८ मे होते, १३ तारखेपासून पुढच्या मात्र जशाच्या तशा राहतात. आणि फिल्टर लावला की 'औसा' दोनदा दिसतं, अक्षर न् अक्षर सारखं.

एक्सेल २०१९ आहे, गुगल शीटही चालेल. सगळे आकडे हाताने पुन्हा टाकायचे नाहीत, त्यात चूक झाली तर सापडणार नाही.

---

शिवार_शीट (जालना)

दादा, पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन ट्रान्सपोज करा, आडवं उभं होतं. रेघा आणि रिकाम्या जागी ० भरा. आकड्यांसाठी कंट्रोल-एच (शोधा आणि बदला). एवढ्यात काम होईल.

---

मांजरापट्टा (लातूर)

शिवार_शीट, तुमच्या पहिल्या दोन सूचना इथे लागू पडत नाहीत, आणि दुसरीने तर नुकसान होईल.

ट्रान्सपोजने तक्ता नुसता कुशीवर वळतो. तारखा खाली येतील, पण मंडळं आडव्या रांगेत जातील. तेरणाकाठ यांना प्रत्येक आकड्याची स्वतंत्र ओळ हवी आहे. त्याला अनपिव्हट म्हणतात आणि ते एक्सेल २०१९ च्या पॉवर क्वेरीत, म्हणजे तक्ते साफ करायच्या साधनात, आयतं मिळतं.

रिकाम्या जागी शून्य भरणं तर अजिबात नको. 'निरंक' म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. रिकामं घर म्हणजे नोंद आलीच नाही. रिकाम्याचं शून्य केलं की जिथे नोंद हुकली तिथे खंड तयार होतो, आणि तो खंड कागदावर कुणालाही खरा वाटतो. आडव्या रेघेचा अर्थ त्या तक्त्याच्या तळटीपेत बघा. तिथे काही लिहिलेलं नसेल तर रेघ 'नोंद नाही' यातच धरा. पाऊस माहीत नसताना शून्य लिहिण्यापेक्षा माहीत नाही असं लिहिलेलं बरं.

आता क्रमाने सांगतो. फंक्शन आणि मेनूची नावं देवनागरीत लिहितोय, तुमच्या एक्सेलमध्ये ती इंग्रजीत दिसतील.

आधी उतरवून घेणं. तक्त्यावर 'शो १० एन्ट्रीज' सारखी खिडकी असेल तर 'ऑल' निवडा, नाहीतर पहिल्या दहाच ओळी येतात. एक्सेलमध्ये नवीन शीट घ्या, सगळी घरं निवडून त्यांचा प्रकार 'टेक्स्ट' करा. हे पेस्ट करण्याआधी करायचं, नंतर केलं तर उपयोग नाही, कारण तारीख उलटायची ती पेस्ट होतानाच उलटते. मग पेस्ट करताना 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' निवडा. शीटला नाव 'कच्चा_जून' द्या. चार महिन्यांच्या चार शीट. पेस्ट होताच त्यांच्या प्रती काढा आणि पुढची कामं प्रतीवरच करा. कच्च्या शीटला पुन्हा हात लावायचा नाही, शंका आली की तिथेच जाऊन बघायचंय.

अशा पेस्टमध्ये एक गोष्ट नीट बघा. तालुक्याची चौकट अनेक ओळींना मिळून एकच असते, त्यामुळे तिच्या खालच्या ओळी एक घर डावीकडे सरकू शकतात. 'लामजना' हे नाव तालुक्याच्या रकान्यात दिसलं की ओळ सरकली म्हणून समजा. उजव्या टोकाला 'एकूण'चं घर रिकामं असेल तर तीच खूण. अशा ओळींत पहिलं घर निवडून इन्सर्ट, 'शिफ्ट सेल्स राइट' करा. हे राहिलं तर २ तारखेचा पाऊस १ तारखेवर जातो आणि नंतर ते सहज लक्षात येत नाही.

दोनदा दिसणारं 'औसा'. कोपऱ्यात लेन हे अक्षरं मोजणारं फंक्शन लावा. औ, स, काना, म्हणजे ३ यायला हवेत. एकात ३ आणि दुसऱ्यात ४ आले तर मागे न दिसणारी मोकळी जागा चिकटली आहे. वेब पानावरची ही जागा साधी नसते, तिचा क्रमांक १६० असतो आणि कडेच्या मोकळ्या जागा काढणारं ट्रिम तिला हात लावत नाही. सबस्टिट्यूटमध्ये कॅर(१६०) देऊन काढा, किंवा त्या घरात जाऊन शेवटची मोकळी जागा कॉपी करा, कंट्रोल-एचच्या 'फाइंड'मध्ये टाका आणि 'रिप्लेस' कोरं ठेवा. मग ट्रिम. मधेच अदृश्य जोडचिन्ह असेल तर त्याचे क्रमांक ८२०४ आणि ८२०५, तिथे कॅर नाही तर युनिकॅर लागतं. ज्या नावांत 'ऱ' आहे तिथे आणखी एक भानगड असते. तो कधी एकच अक्षर म्हणून टाइप होतो, कधी र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत. डोळ्याला फरक नाही, लेनला आहे.

देवनागरी आकडे. कंट्रोल-एच दहा वेळा, ० ते ९. घरं टेक्स्ट असल्याने मधल्या मधे काही तारीख-बिरीख बनणार नाही. घाई करू नका. शून्याच्या जागी कुणीतरी संक्षेपाचं लाघवचिन्ह टाइप केलेलं असतं, ते हुबेहूब शून्यासारखं दिसतं. इंग्रजी ओ सुद्धा सापडतो. दहा फेऱ्यांनंतरही जी घरं आकड्यात बदलत नाहीत त्यांची यादी काढा, हे दोन त्यातच सापडतील.

रकान्यांची डोकी. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या पूर्ण तारखा सरळ करत बसू नका. तुमच्या यंत्राचा प्रदेश अमेरिकेचा लावलेला आहे, म्हणून ०५/०८ चं ८ मे होतं. १३ वा महिना नसतोच, म्हणून १३/०८ तसाच मजकूर राहतो. जी आधीच उलटली त्या तारखेला टेक्स्ट टू कॉलम्सने दिवस-महिना-वर्ष सांगितलं तरी ती सरळ होईलच याचा भरवसा नाही, कारण ती मजकूर राहिलेलीच नाही. त्यापेक्षा कच्च्या शीटमध्ये बघून घ्या की डोक्यावरच्या तारखा १ पासून शेवटपर्यंत सलग आहेत, एखादी गाळलेली किंवा दोनदा आलेली नाही. मग प्रतीतली ती डोकी पुसून नुसते १, २, ३ लिहा. महिना आणि वर्ष आपण वेगळं देणार आहोत.

आता पॉवर क्वेरी. प्रतीवर तक्ता निवडून डेटा, 'फ्रॉम टेबल'. उघडल्या उघडल्या उजवीकडे 'चेंज्ड टाइप' अशी पायरी आपोआप आलेली असेल ती पुसून टाका. ती रकान्यांची नावं ठोकून बसवते, ३० दिवसांच्या महिन्यात '३१ सापडला नाही' म्हणून अडते.

इथे दोन कामं एकमेकांच्या आड येतात, म्हणून क्रम पाळा. तालुक्याच्या रकान्यात रिकामी घरं खाली भरायची आहेत, त्यासाठी 'फिल डाऊन'. ते फक्त 'नल', म्हणजे पूर्ण रिकाम्या, घरांत चालतं, मोकळी जागा असलेल्या घरात चालत नाही. उलट अनपिव्हट 'नल' असलेली घरं गुपचूप गाळून टाकतं. म्हणजे ज्या दिवशी नोंद नव्हती तो दिवस यादीतूनच नाहीसा होतो. म्हणून आधी तालुका: रिकामं ते नल, मग फिल डाऊन. त्यानंतर १ ते ३१ हे रकाने निवडून 'रिप्लेस व्हॅल्यूज'ने नलच्या जागी 'नोंदनाही' हा शब्द घाला, आडवी रेघही तिथेच वळवा. 'निरंक'च्या जागी ०. मगच 'तालुका सरासरी'च्या ओळी फिल्टरने काढा.

'एकूण'चा रकाना इथे काढावा लागतो, पण आधी तो मंडळाच्या नावासकट वेगळ्या शीटवर ठेवून द्या. पुढे तोच साक्षीदार आहे.

'महिना' नावाचा नवा रकाना घाला, जूनला ६, जुलैला ७ असा. मग तालुका, मंडळ, महिना हे तीन रकाने निवडा आणि 'अनपिव्हट अदर कॉलम्स' करा. नुसतं 'अनपिव्हट' नको, 'अदर कॉलम्स'वालं घ्या. महिना ३० चा असो वा ३१ चा, ते चालतं. ॲट्रिब्यूटचं नाव 'दिवस' करा आणि प्रकार पूर्णांक, व्हॅल्यूचं नाव 'मजकूर' ठेवा. चार क्वेऱ्या झाल्या की 'अपेंड'ने एकत्र जोडा.

शेवटी दोन रकाने. 'दिनांक' हा वर्ष २०२४, महिना आणि दिवस यांतून बनवा. 'पाऊस' हा मजकुराची नक्कल करून, प्रकार 'डेसिमल नंबर', 'यूजिंग लोकेल'मधून इंग्रजी (इंडिया). 'नोंदनाही' तिथे एरर देईल, ते 'रिप्लेस एरर्स'ने नल करा. 'मजकूर' रकाना मात्र ठेवा. मूळ घरात काय होतं ते प्रत्येक आकड्याशेजारी दिसत राहिलं पाहिजे.

---

गोदातीर (नांदेड)

मांजरापट्टा यांनी जवळपास सगळं सांगितलंय. ज्यांच्याकडे पॉवर क्वेरी नाही त्यांच्यासाठी गुगल शीटचं सांगतो.

शीट उघडल्यावर पहिलं काम: फाइल, सेटिंग्ज, लोकेल 'इंडिया'. अमेरिकेचं असेल तर तीच ८ मेची अडचण इथेही.

इम्पोर्ट-एचटीएमएल फंक्शनला पानाचा पत्ता, 'टेबल' हा शब्द आणि तक्त्याचा क्रमांक दिला की तक्ता थेट येतो. पण जिल्हा, तालुका, महिना निवडून बटण दाबल्यावर दिसणारे तक्ते याने येत नाहीत. या फंक्शनला पान फक्त पहिल्यांदा उघडतं तसं दिसतं. तक्ता मागाहून भरला जात असेल तर 'आलेली माहिती रिकामी आहे' असा निरोप मिळतो. मग सरळ कॉपी-पेस्ट करा. थेट आणलाच तर लगेच कॉपी करून 'व्हॅल्यूज ओन्ली' पेस्ट करा, नाहीतर ते पान बदललं की तुमची यादीही बदलते.

अनपिव्हट करायला इथे फ्लॅटन आणि स्प्लिट. मंडळाचा रकाना, उभी रेघ, वरची तारखेची ओळ, उभी रेघ, आकड्यांचा चौकोन असं अँड चिन्हाने जोडा, त्यावर फ्लॅटन, त्यावर स्प्लिट, आणि सगळ्याला ॲरे-फॉर्म्युला. औसा, १, आकडा अशी तीन घरांची ओळ मिळते. जोडायला उभी रेघच घ्या, आणि एकच. दोन-तीन चिन्हांचा जोड दिला तर स्प्लिट त्यातल्या प्रत्येक चिन्हावर तोडतं. स्प्लिट मधली रिकामी घरं गाळतं. आकडा सगळ्यात शेवटी ठेवला तर त्याने काही सरकत नाही, मधे ठेवला तर पुढचं सगळं एक घर मागे येतं.

पायथॉन येत असेल तर त्यातल्या पांडास या लायब्ररीचं रीड-एचटीएमएल जोडलेली चौकट स्वतः खालपर्यंत भरून देतं, फिल डाऊन लागत नाही. तिथलं अनपिव्हट, म्हणजे मेल्ट, रिकामी घरं गाळत नाही, पॉवर क्वेरीच्या उलट. आणि देवनागरी आकड्यांसाठी दहा फेऱ्या नकोत, पायथॉनच्या फ्लोटला १२.५ देवनागरीत दिलं तरी कळतं.

नावांबाबत एक. आज एकाच तालुक्याचं काम आहे, पण उद्या जिल्हे वाढले तर नुसत्या मंडळाच्या नावावर जुळवणी करू नका. औसा हे तालुक्याचंही नाव आहे आणि मंडळाचंही. लातूर तर जिल्हा, तालुका, मंडळ तिन्ही. शिरूर अनंतपाळ लातुरात, शिरूर कासार बीडमध्ये, आणि तक्त्यात कधी कधी नुसतं 'शिरूर'. जिल्हा, तालुका, मंडळ जोडून एक खूण बनवा. जुनी वर्षं जोडणार असाल तर २०२३ च्या नामांतरामुळे एकाच जिल्ह्याची दोन नावं येतील, उस्मानाबाद आणि धाराशिव, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर. 'तक्त्यातलं नाव' आणि 'आपलं नाव' अशी दोन रकान्यांची एक शीट ठेवा आणि व्ही-लुकअप लावा, शेवटचा भाग 'फॉल्स'. उदगीर-उदगिर असली ऱ्हस्व-दीर्घाची जोडीही तिथेच बसते.

---

तेरणाकाठ

खूप आभार. पॉवर क्वेरीनेच केलं. सरकलेल्या ओळी खरंच होत्या, जुलैच्या तक्त्यात. 'औसा'चं लेन ४ आलं, कॅर(१६०) ने गेलं.

आता ४९६ ओळी आल्यात, आणि दिनांक रकान्यात ८ ठिकाणी एरर आहे. कुठे चुकलं?

---

मांजरापट्टा

चुकलं नाही, बरोबर आलंय. चारही तक्त्यांत ३१ रकाने आहेत. ४ महिने गुणिले ३१ म्हणजे १२४, गुणिले ४ मंडळं म्हणजे ४९६. जून आणि सप्टेंबरला ३१ तारीख नाही. २ तारखा गुणिले ४ मंडळं, तेच ८ एरर. त्या ८ ओळींत 'मजकूर' रकान्यात 'नोंदनाही'च आहे ना ते बघा आणि काढून टाका. ४८८ उरतील. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, प्रत्येक मंडळाच्या १२२ ओळी.

त्या ८ पैकी एखाद्या ओळीत आकडा निघाला तर मात्र थांबा. ३१ जूनला पाऊस पडत नाही. ती ओळ सरकलेली आहे.

इथे एक्सेलच्या साध्या डेट फंक्शनने काम करणाऱ्यांनी फार जपावं. पॉवर क्वेरी ३१ जूनला एरर देऊन सांगते तरी. एक्सेलचं डेट फंक्शन ३१ जून दिला की निमूट १ जुलै बनवतं. एरर नाही, काही नाही, आणि यादीत १ जुलै दोनदा येते, एकदा रिकामी. त्यावर उपाय असा की बनलेल्या तारखेवर मंथ फंक्शन लावायचं आणि मूळ महिन्याशी ताडायचं. ६ हवा होता आणि ७ आला तर ओळ बाद.

आणि दिनांक रकान्यात ४५४४४ असा आकडा दिसला तर तो १ जून २०२४ चाच आहे, फक्त घराचा प्रकार बदलायचा. शेवटची तारीख ४५५६५ यायला हवी. वजा करून १ मिळवा, १२२.

---

पूर्णाथडी (परभणी)

यादी तयार झाली, आता तिचा अर्थ लावताना तीन जागी पाय घसरतो.

तारीख कोणत्या दिवसाची ते आधी ठरवा. हवामान विभागाच्या पद्धतीत पाऊस सकाळी ८:३० ला मोजतात, आणि त्या तारखेचा आकडा म्हणजे आदल्या दिवशीच्या ८:३० पासून त्या सकाळपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस. १ सप्टेंबरच्या रात्री झोडपलं तर आकडा २ सप्टेंबरच्या घरात असतो. गटातले शेतकरी म्हणतील एकला पडला, तुमची यादी म्हणेल दोनला. तुमचा तक्ता कोणत्या वेळेचा आहे ते त्याच्या मथळ्यात किंवा तळटीपेत बघा. यादीतली तारीख मात्र बदलू नका. 'नोंद दिनांक' तसाच ठेवून शेजारी 'पावसाचा काळ' असा रकाना करा आणि तिथे '१ ची सकाळ ते २ ची सकाळ' असं लिहा. तारीख एकने मागे घेतली की मूळ तक्त्याशी ताडताच येत नाही.

६५ मिमीची यादी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा जास्त म्हणजे अतिवृष्टी, हा आपल्याकडच्या पंचनाम्यांतला निकष. एक्सेल २०१९ मध्ये फिल्टर हे फंक्शन नाही, साधा ऑटोफिल्टर लावा, 'ग्रेटर दॅन ऑर इक्वल टू ६५'. पण यादीत घेण्याआधी प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवसाचं घर बघा. नमुन्याचे आकडे घेऊन सांगतो: १० तारखेला 'नोंदनाही' आणि ११ ला ७१.० असेल, तर हाताने मोजायच्या मापकात १० चं पाणीही त्या ७१ मध्ये साठलेलं असू शकतं. तो दोन दिवसांचा पाऊस आहे, एका दिवसाचा निकष त्याला लावता येत नाही. अशा तारखेपुढे 'आदली नोंद नाही' असा शेरा द्या. ती खोडूही नका, पक्की म्हणूनही देऊ नका.

खंड. पावसाचा दिवस म्हणजे २.५ मिमी किंवा जास्त, ही हवामान विभागाची व्याख्या. ०.५ मिमीच्या भुरभुरीने खंड मोडत नाही. यादी आधी मंडळाने, मग दिनांकाने लावून घ्या. मदतीचा रकाना असा: मंडळ वरच्या ओळीपेक्षा वेगळं असेल तर मोजणी नव्याने सुरू, पाऊस २.५ पेक्षा कमी असेल तर वरच्यात १ मिळवा, नाहीतर ०. रिकाम्या घराची तपासणी सगळ्यात आधी ठेवा, कारण एक्सेल तुलना करताना रिकाम्या घराला ० समजतं आणि तेही २.५ पेक्षा कमीच ठरतं. तिथे 'तुटलं' हा शब्द येऊ द्या, आणि वरच्या ओळीत 'तुटलं' असेल तर पुढची मोजणी नव्याने. मग 'किमान इतक्या दिवसांचा खंड' एवढंच म्हणता येतं आणि तेवढंच म्हणायचं. शेवट त्या मोजणीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या तारखेला, सुरुवात त्यातून आकडा वजा करून १ मिळवल्यावर.

पेरणीचं सोपं आहे. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असा सल्ला दरवर्षी दिला जातो. सम-इफ्सने त्या मंडळाची त्या तारखेपर्यंतची बेरीज काढा, मग मिन-इफ्सने बेरीज ७५ किंवा जास्त असलेली पहिली तारीख. मिन-इफ्स २०१९ मध्ये आहे. जूनमध्ये नोंद नसलेले दिवस किती ते शेजारी लिहा, ते जास्त असतील तर खरी तारीख याहून आधीची असू शकते.

---

तेरणाकाठ

४८८ झाल्या, मंडळागणिक १२२. 'नोंदनाही' ९ निघाले, ते यादीत तसेच ठेवलेत.

'एकूण'शी ताडलं. १६ बेरजांपैकी १५ जुळल्या. लामजना, जुलै जुळत नाही. माझी बेरीज ११२.५ ने जास्त येते. सरकलेली ओळ मी नीट केली होती तीच आहे, पण पुन्हा बघितली, आकडे जागच्या जागी आहेत.

---

मांजरापट्टा

ओळ अजून सरकलेली असती तर 'एकूण'चं घरच रिकामं दिसलं असतं, तेव्हा ते सोडा. ११२.५ ला ९ ने भागा. १२.५ येतात, नेमके. दशांश चिन्ह हरवलं की आकडा दहापट होतो, म्हणजे मूळच्या नऊपट वाढ. लामजना जुलैमध्ये 'पाऊस' १२५ असलेली ओळ शोधा आणि शेजारच्या 'मजकूर' रकान्यात बघा. तिथे १२ आणि ५ यांच्या मधे टिंब नसून स्वल्पविराम असणार. इंग्रजी (इंडिया) लोकेलमध्ये स्वल्पविराम ही हजाराची खूण समजली जाते आणि आकडा करताना ती गाळली जाते.

---

तेरणाकाठ

तसंच आहे. १२,५ लिहिलंय. आणि हीच तारीख ६५ मिमीच्या यादीत गेली होती, लामजन्याची जुलैतली एकुलती एक.

---

मांजरापट्टा

मग दुरुस्ती यादीत करू नका, क्वेरीत करा. प्रकार बदलण्याच्या पायरीच्या आधी 'पाऊस' रकान्यात स्वल्पविरामाच्या जागी टिंब, एक 'रिप्लेस व्हॅल्यूज'. एका दिवसाचा मिमीतला पाऊस हजारात जात नाही, म्हणून इथे सगळे स्वल्पविराम टिंबच समजायला हरकत नाही. मग रिफ्रेश करा आणि सोळाही बेरजा पुन्हा ताडा, फक्त लामजन्याची नाही. आधी जुळलेल्या १५ मध्ये काही हललं तर ते आत्ताच दिसेल.

आणि ज्या मंडळ-महिन्यात 'नोंदनाही' आहे तिथली बेरीज जुळली असेल तर 'एकूण' काढतानाही तो दिवस सोडलेला आहे. तिथे 'एकूण' तुमच्या बेरजेपेक्षा जास्त निघालं तर तेवढा पाऊस त्या हुकलेल्या दिवसांचा असू शकतो. हुकलेला दिवस एकच असेल तर तो फरक शेऱ्यात लिहून ठेवा, 'पाऊस' रकान्यात भरू नका.

---

तेरणाकाठ

सोळाही जुळल्या. लामजन्याचं जुलै ६५ च्या यादीतून गेलं. 'मजकूर' रकाना ठेवायला सांगितला होता म्हणून सापडलं, नाहीतर १२५ वर कुणी शंका घेतली नसती. गटाला यादी देताना तो रकाना आणि 'नोंदनाही'चे शेरे दोन्ही सोबत देतो.